दोन मुक्या अक्षरांची हकीगत

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलाला पहिला खरा हिसका बसतो तो त्या भाषेच्या व्याकरणाचा नव्हे, तिच्या लेखनाचा. त्यांतही 'जी' आणि 'एच' हीं दोन अक्षरें शेजारीं शेजारीं बसलेलीं दिसलीं कीं भल्याभल्यांची वाट चुकते. रात्रीला 'नाइट' म्हणतात, प्रकाशाला 'लाइट', उजव्याला किंवा योग्याला 'राइट' आणि आठांना 'एट'. या चारही शब्दांच्या पोटांत तीं दोन अक्षरें आहेत, पण उच्चारांत त्यांचा मागमूस नाहीं. चिवट म्हणजे 'टफ', खडबडीत म्हणजे 'रफ', पुरेसें म्हणजे 'इनफ', हंसणें म्हणजे 'लाफ', खोकला म्हणजे 'कॉफ'; येथें तींच अक्षरें निमूटपणें 'फ'चें काम करतात. भुताला 'गोस्ट' म्हणतात. त्या शब्दाच्या आरंभीं तीं आहेत आणि तेथें 'ग'खेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं. त्यांच्या आधीं 'ओ' आणि 'यू' आले म्हणजे तर घोटाळ्याला पारावार राहत नाहीं. 'दो' म्हणजे जरी, 'डो' म्हणजे मळलेली कणीक, 'थ्रू' म्हणजे मधून, 'बाउ' म्हणजे फांदी आणि 'ट्रॉफ' म्हणजे गुरांना दाणापाणी घालण्याची डोण. लिहितांना पांचांचाही शेवट एकसारखा. बोलतांना त्याच्या चार तऱ्हा.

यावरून इंग्रज हे मोठे लहरी लोक असावेत, असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. मासा या अर्थाचा 'फिश' हा शब्द इंग्रजीच्याच नियमांनीं जी, एच, ओ, टी, आय अशा पांच अक्षरांनीं लिहितां येईल, ही थट्टा सुशिक्षितांच्या बैठकींत नेहमी ऐकूं येते. 'टफ' या शब्दांतला 'फ' घ्यावा, स्त्रिया या अर्थाच्या 'विमेन' शब्दांतला 'इ' घ्यावा आणि 'नेशन' या शब्दांतला 'श' घ्यावा, कीं झाला मासा तयार. ही थट्टा बर्नार्ड शॉ यांच्या नांवावर खपते. वस्तुतः शॉ यांचा जन्म १८५६ सालचा आणि ही थट्टा १८५५ सालच्या एका पत्रांत लिहिलेली सांपडते. परंतु थट्टेचें पितृत्व कोणाचेंही असो, तिच्यांत एक गफलत आहे. इंग्रजीच्या कोणत्याही शब्दाच्या आरंभीं हीं दोन अक्षरें कधींच 'फ' होत नाहींत. होतात तीं शब्दाच्या शेवटीं किंवा स्वराच्या मागून. म्हणजे या गोंधळाला कांहीं एक शिस्त आहे. ती शिस्त व्याकरणांत शोधून सांपडत नाहीं, इतिहासांत सांपडते.

सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं, राजा आल्फ्रेडच्या काळीं, इंग्लंडांत जी भाषा बोलली जाई तींत हीं अक्षरें मुकीं नव्हतीं. किंबहुना तीं दोनही नव्हतीं. रात्रीला त्या वेळीं 'निख्त' म्हणत आणि लिहितांना त्यांत नुसता एक 'एच' घालीत. हा 'ख' मराठींतला 'ख' नव्हे. चांगला उर्दू बोलणारा मनुष्य 'खबर' किंवा 'खुदा' म्हणतांना घशाच्या तोंडाशीं जी खरखर करतो, ती येथें अभिप्रेत आहे. जर्मन लोक रात्रीला 'नाख्त' म्हणतात तेव्हां तीच ऐकूं येते. आठ म्हणजे 'एआख्त', कन्या म्हणजे 'दोख्तोर', उंच म्हणजे 'हेआख' असे उच्चार तेव्हां चालत. इंग्लंडांतून ती खरखर पार गेली. परंतु स्कॉटलंडच्या बोलींत ती अजून टिकून आहे. तेथला मनुष्य आपल्या घरगुती बोलींत प्रकाशाला 'लिख्त' म्हणतो आणि सरोवराला 'लॉख'. इंग्रज मनुष्य त्याच सरोवराला 'लॉक' म्हणून मोकळा होतो.

१०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि लेखणी फ्रेंच वळणाच्या लेखकूंच्या हातीं गेली. फ्रेंच भाषेंत 'एच' हें अक्षर अगदीं निस्तेज झालेलें होतें. त्यावर एवढ्या खरखरीत ध्वनीचा भार टाकणें त्यांना प्रशस्त वाटेना. त्यामुळें पुढल्या दोनतीनशें वर्षांत हा ध्वनि दाखविण्याच्या निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. 'योख' नांवाचें, देवनागरी '३' या अंकासारखें दिसणारें एक अक्षर कांहीं हस्तलिखितांत येतें. कांहींत 'जी' आणि 'एच' यांची जोडी येते. शेवटीं जोडीनें बाजी मारली. योख मागें पडलें, परंतु स्कॉटलंडांत तें जातां जातां एक गंमत करून गेलें. छापखान्यांत त्या अक्षराचा खिळा नसल्यानें तेथील मुद्रक त्याच्या जागीं दिसायला जवळचा असा 'झेड' लावूं लागले. त्यामुळें 'मिंगिस' असा परंपरागत उच्चार असलेलें एक जुनें स्कॉटिश आडनांव आजही कागदावर 'मेंझीस' असें दिसतें, आणि बाहेरचा मनुष्य तें तसेंच वाचतो.

छापखान्याचा हा विषय निघाला तेव्हां विल्यम कॅक्स्टन याचें नांव घेतलेंच पाहिजे. हा मूळचा कापडाच्या व्यापारांतला गृहस्थ. आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें त्यानें फ्लँडर्स व त्याच्या आसपासच्या प्रांतांत काढलीं, तिकडेच तो मुद्रणकला शिकला, आणि १४७६ सालीं त्यानें लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथें इंग्लंडांतला पहिला छापखाना घातला. त्या मुद्रणांत फ्लेमिश भाषेच्या लेखनाची संवय डोकावत होती. फ्लेमिशमध्यें भुताला जो शब्द होता त्याच्या आरंभीं 'जी'नंतर 'एच' लिहीत. ती रीत इंग्रजी शब्दाला चिकटली आणि 'गास्त' असा साधा शब्द 'एच'चें शेपूट घेऊन बसला. बोकड, हंस, मुलगी या अर्थाच्या इंग्रजी शब्दांनाही त्या काळच्या छपाईंत हें शेपूट लागलेलें आढळतें. तीं पुढें गळून पडलीं. भुताचें तेवढें राहिलें. म्हणजे 'नाइट'मधलीं हीं अक्षरें आणि 'गोस्ट'मधलीं हीं अक्षरें यांचें परस्परांशीं कांहींही नातें नाहीं. एकीकडे तीं एका मेलेल्या ध्वनीची खूण आहेत, तर दुसरीकडे परदेशांतून आलेली हाताची एक संवय.

कॅक्स्टननें छापायला आरंभ केला त्याच सुमारास एक मोठी घडामोड चालू होती, आणि ती कोणाच्या ध्यानांत आली नव्हती. घशांतली ती खरखर इंग्रजांच्या तोंडून हळूहळू नाहींशी होऊं लागली होती. चॉसर कवि १४०० सालीं वारला. त्याच्या उच्चारांत ती होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या शिष्ट बोलींत ती उरली नव्हती. परंतु ध्वनि भाषेंतून जातो तो क्वचितच निष्कांचन जातो. बहुधा शेजाऱ्याला कांहीं देऊन जातो. 'निख्त'मधला 'ख' गेला तेव्हां त्याच्या आधींचा ऱ्हस्व 'इ' दीर्घ झाला. पुढें इंग्रजींतले सगळे दीर्घ स्वरच आपल्या जागा सोडून सरकूं लागले, दीर्घ 'ई'चा 'आइ' झाला, आणि 'नीत'चें 'नाइट' झालें. 'ख' जर मुळांतच नसता तर हा शब्द आज 'निट' असा राहिला असता. तेव्हां तीं मुकीं अक्षरें अगदींच निरुपयोगी नाहींत. आपल्या आधींचा स्वर लांब करावा, एवढी सूचना तीं अजून देत असतात.

मराठी मनुष्याला ही घडामोड परकी वाटण्याचें कारण नाहीं. ती त्याच्या घरीं घडून गेलेली आहे. संस्कृतांतल्या 'अष्ट'चें प्राकृतांत 'अट्ठ' झालें. पुढें त्यांतलें एक व्यंजन गळलें आणि त्याची भरपाई म्हणून 'अ'चा 'आ' झाला, तो आजचा 'आठ'. 'सप्त, सत्त, सात' आणि 'हस्त, हत्थ, हात' यांची कथा हीच. 'दुग्धा'चें 'दुद्ध' होऊन 'दूध' झालें तेंही याच वाटेनें. व्यंजन लोपावें आणि स्वरानें लांब व्हावें, हा व्यवहार टेम्स नदीच्या कांठीं आणि गोदावरीच्या कांठीं सारखाच झाला. भेद आहे तो लेखनाचा. मराठीनें 'आठ' असें बोलायला लागल्यावर 'आठ' असेंच लिहिलें. 'अष्ट' लिहून 'आठ' वाचण्याचा प्रसंग तिनें आपल्या मुलांवर आणला नाहीं. इंग्रजीनें मात्र नेमकें तेंच केलें, कारण तिच्याकडे ध्वनि बदलण्याच्या ऐन वेळीं छापखाना उभा राहिला. मुद्रकाच्या पेटींतले खिळे आणि वाचकाच्या डोळ्याची संवय यांनीं जुनें रूप थिजवून टाकलें, आणि तोंड पुढें निघून गेलें. १७५५ सालीं डॉक्टर जॉन्सन यांचा प्रसिद्ध कोश निघाला तेव्हां या थिजलेल्या रूपांवर विद्वत्तेचें शिक्कामोर्तब झालें. उच्चार हा क्षणोक्षणीं बदलणारा. त्याला लेखनाचें माप ठरविणें व्यर्थ, असें त्यांचें मत होतें.

आतां 'फ'चें कोडें. 'उ', 'ओ' यांसारख्या स्वरांच्या वेळीं ओंठ गोल होतात. त्यांच्या मागून येणाऱ्या घशांतल्या खरखरीलाही ओंठांचा स्पर्श होऊं लागला, आणि कांहीं भागांतल्या लोकांच्या तोंडीं ती सरळ ओंठांवर येऊन 'फ' झाली. इतर भागांत ती निमूट नाहींशी झाली. लंडन हें सगळ्या परगण्यांतून पोटासाठीं आलेल्या लोकांचें शहर. तेथें दोन्ही तऱ्हा शेजारीं नांदत होत्या, आणि शिष्ट भाषेनें एक शब्द या गांवचा तर दुसरा त्या गांवचा असा उचलला. कणीक या अर्थाचा 'डो' हा शब्द मुका राहिला, पण उत्तरेकडच्या बोलींत त्याचाच 'डफ' झाला, आणि तो उकडलेल्या पुडिंगाच्या एका प्रकाराचें नांव म्हणून इंग्रजींत वेगळा शिरला. पुरेसें या अर्थीं 'इनफ' आणि 'इनाउ' अशीं दोन्ही रूपें बराच काळ चाललीं. 'किंग लिअर' नाटकांत विदूषकाच्या तोंडच्या पद्यांत कन्या या अर्थाच्या 'डॉटर'चें यमक 'आफ्टर' या शब्दाशीं जुळविलेलें आहे. कन्येच्याही पोटांत कोठें कोठें 'फ' उच्चारला जात असावा, असा तर्क त्यावरून कांहीं अभ्यासक करतात. सर्वांत मौजेचें उदाहरण सहा अक्षरांच्या एका शब्दाचें. एस, एल, ओ, यू, जी, एच असें लिहून तो 'स्लाउ' असा वाचला तर अर्थ दलदल. 'स्लफ' असा वाचला तर अर्थ सापाची कात. मुळांत हे दोन निराळे शब्द. कागदावर ते एकमेकांसारखे दिसतात. तोंडीं येतांच वेगळे होतात.

या अक्षरांकडे निव्वळ अडगळ म्हणून पाहणाऱ्यानें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. १७८६ सालीं सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असा विचार मांडला. पुढें १८२२ सालीं जर्मन पंडित याकोब ग्रिम यांनीं जर्मानिक भाषांत मूळचीं व्यंजनें कोणत्या नियमानें बदललीं तें दाखविलें. त्या नियमाप्रमाणें मूळच्या 'क'च्या जागीं जर्मानिक शाखेंत 'ख' किंवा 'ह' येतो. म्हणजे 'नाइट'मधलीं तीं दोन मुकीं अक्षरें ज्या जागेवर बसलीं आहेत, ती जागा संस्कृत 'नक्त' या शब्दांतल्या 'क'ची आहे. 'डॉटर'च्या पोटांतलीं हीं अक्षरें आणि संस्कृत 'दुहितृ'मधला 'ह' यांचें मूळ एकच. 'राइट' आणि 'ऋजु' हे भाऊबंद, हलका या अर्थाचा 'लाइट' आणि 'लघु' हेही भाऊबंद. वजन करणें या अर्थाच्या 'वे' या शब्दाचा प्राचीन इंग्रजींतला अर्थ वाहून नेणें असा होता. संस्कृतांतला 'वह्' धातु आणि मराठींतलें 'वाहणें' हीं त्याचींच नातलगें. जहाजाचा नांगर उचलणें या अर्थीं इंग्रज खलाशी हाच शब्द वापरतात. तेथें जुन्या अर्थाची झांक उरली आहे. फांदी या अर्थाचा 'बाउ' म्हणजे मूळचा खांदा किंवा भुजा. संस्कृत 'बाहु' आणि हा 'बाउ' यांच्यांत कानालाही फारसें अंतर वाटत नाहीं. झाडाची फांदी ही त्याची भुजा, ही कल्पना त्या शब्दांत गोठून राहिली आहे. आणि कणीक या अर्थाचा 'डो' हा लिंपणें, आकार देणें या अर्थाच्या ज्या धातूपासून आला, त्याच्याच संस्कृत रूपापासून 'देह' शब्द झाला. मातीचा गोळा आणि पिठाचा गोळा यांतलें हें नातें पंडितांनीं कल्पनेनें जोडलेलें नाहीं. नियमानें सिद्ध केलेलें आहे.

मात्र नियमावांचून नातीं जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. खोकल्याला इंग्रजींत 'कॉफ' आणि संस्कृतांत 'कफ' पाहून एखाद्याला हर्ष होईल. पण 'कॉफ' हा खोकण्याच्या आवाजावरून जर्मानिक लोकांत निघालेला शब्द आहे, त्याचा वैद्यकांतल्या कफाशीं कांहीं संबंध नाहीं.

शब्दांचे अर्थही या काळांत जागेवर राहिले नाहींत. सरदार किंवा वीर या अर्थाचा दुसरा 'नाइट' घ्या. यांत शेवटच्या मुक्या जोडीबरोबर आरंभींचा 'के'ही मुका आहे. प्राचीन इंग्रजींत 'क्निख्त' म्हणजे पोरगा, हरकाम्या. राजाच्या पदरचा पोरगा पुढें घोड्यावर बसला, शस्त्र धरूं लागला आणि मानकरी झाला. जर्मनींत तोच शब्द 'क्नेख्त' असा आहे आणि तेथें तो अजून नोकरच आहे. एका घरांतल्या दोन भावांपैकीं एक सरदार व्हावा आणि एकानें पाणी भरावें, तशांतला हा प्रकार.

इतकें सांगितल्यावर या जोडीविरुद्ध जो पुरावा आहे तोही मांडणें न्यायाचें आहे. सर्वच ठिकाणीं ती खरी साक्ष देते असें नाहीं. आनंद या अर्थाचा 'डिलाइट' हा शब्द फ्रेंचमधून आला. त्यांत घशाची खरखर कधींच नव्हती. परंतु 'लाइट'शीं त्याचें यमक जुळतें म्हणून सोळाव्या शतकांत लोकांनीं त्यांत हीं अक्षरें घुसडलीं. गर्विष्ठ या अर्थाचा 'हॉटी' हा असाच फ्रेंच शब्द; त्यालाही शेजाऱ्यांकडे पाहून हा दागिना चढविण्यांत आला. बर्फावरून ओढण्याची गाडी ती 'स्ले'. हा शब्द डच लोकांकडून घेतला, तेव्हां वजनाच्या 'वे'सारखा दिसावा म्हणून त्याला हीं अक्षरें दिलीं. उचकीला 'हिकप' म्हणतात. उचकी म्हणजे खोकल्याचाच एखादा प्रकार असावा अशा समजुतीनें कोणीं तरी तिच्या शेवटीं सबंध खोकला लिहून ठेवला, आणि वाचायचें मात्र 'हिकप'च. जुन्या घराण्याच्या वंशावळींत मागाहून घुसविलेलीं नांवें असावींत तसे हे शब्द आहेत. केवळ लेखनावरून व्युत्पत्ति सांगणारा येथें हटकून फसतो.

हिंदुस्थानाकडूनही या जोडीला कांहीं भरती झाली. इंग्रजांना येथें 'घ' हा ध्वनि भेटला. त्यांच्या भाषेंत तो नव्हता. तेव्हां त्यांनीं 'जी'मागें 'एच' लिहून तो दाखविला, आणि 'घाट' व 'घी' हे दोन शब्द इंग्रजी कोशांत जाऊन बसले. येथें मात्र दोन्ही अक्षरें आपलें काम चोख बजावतात. इंग्रजाच्या जिभेला तें वठत नाहीं हा त्यांचा दोष नव्हे. घाटकोपरच्या स्थानकावरील पाटी रोमन अक्षरांत वाचणारा मुंबईकर त्या जोडीचा उच्चार लंडनकरापेक्षां खरा करतो. लहान होडीला इंग्रज 'डिंगी' म्हणतात; शब्द हिंदी-बंगाली, त्यांत महाप्राण नाहीं, पण 'जी'चा 'ज' वाचला जाऊं नये म्हणून त्यांतही 'एच' बसविला गेला. इटालियन लेखनांतही 'एच' हेंच काम करतो. व्हेनिस शहरांतील यहुद्यांच्या वस्तीला दिलेलें 'गेटो' हें नांव इंग्रजींत आलें तें ती जोडी बरोबर घेऊनच.

ही अडगळ काढून टाकावी असें म्हणणारे लोक इंग्रजी भाषिकांतच सोळाव्या शतकापासून होत आले आहेत. त्यांत यश आलें तें थोडें, आणि तेंही अमेरिकेंत. नोआ वेब्स्टर यांनीं १७८९ सालीं नव्या राष्ट्राला नवें लेखन हवें असा आग्रह धरला. 'टफ', 'डॉटर' हे शब्द ऐकूं येतात तसे लिहावेत, असें त्यांनीं सुचविलें. लोकांनीं त्यांचे बहुतेक शब्द नाकारले. तरी त्यांच्या १८२८ सालच्या कोशाच्या पुरस्कारानें नांगर या अर्थाचा 'प्लाउ' हा शब्द अमेरिकेंत मुक्या जोडीवांचून लिहिला जाऊं लागला, आणि तो आजतागायत तसाच लिहितात. १९०६ सालीं अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशानें लेखनसुधारणेसाठीं एक मंडळ निघालें. त्यानें तीनशें शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तींत 'दो' आणि 'थ्रू' यांचीं आंखूड रूपें होतीं. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्याच वर्षींच्या ऑगस्टांत सरकारी छापखान्याला त्या यादीप्रमाणें छापण्याचा हुकूम सोडला. वृत्तपत्रांनीं टवाळीची झोड उठविली, डिसेंबरांत प्रतिनिधिगृहानें विरोधी ठराव केला, आणि ज्या अध्यक्षांनीं पनामाचा कालवा खणायला घेतला त्यांना दोन मुक्या अक्षरांपुढें माघार घ्यावी लागली. शिकागोचें 'ट्रिब्यून' हें दैनिक १९३४ पासून सुधारलेल्या लेखनाचा प्रयोग करीत होतें. १९७५ सालीं त्यानें 'दो' आणि 'थ्रू' पुन्हां जुन्या रीतीनें छापायला आरंभ केला.

या प्रश्नाचा निकाल एका बाजूनें देणें सोपें नाहीं. इंग्रजी मुलाचा शाळेंतला किती तरी काळ हे शब्द घोकण्यांत जातो, आणि परदेशी मुलाचा त्याहून अधिक. विद्वानांच्या व्युत्पत्तिसुखासाठीं हें भाडें फार जबर आहे. उलट रात्रीचा 'नाइट' व सरदार 'नाइट', उजवा 'राइट' व विधि या अर्थाचा 'राइट', दृष्टि या अर्थाचा 'साइट' व जागा या अर्थाचा 'साइट' हे कानाला एकच असलेले शब्द कागदावर निरनिराळे राहतात ते या मुक्या अक्षरांच्या बळावर. रॉबर्ट ब्रिजेस या राजकवीनें १९१९ सालीं अशा समोच्चारी शब्दांवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि त्यांची वाढ हें भाषेवरचें संकट आहे असें प्रतिपादिलें. नभोवाणीवर बोलणाऱ्याला या संकटाची कल्पना लवकर येते, कारण तेथें डोळ्याची मदत मुळींच नसते.

मराठीनेंही या प्रश्नाचा एक निकाल आपल्यापुरता लावलेला आहे. 'नांव', 'घरांत', 'केलें' या शब्दांवरचे अनुस्वार शिष्ट उच्चारांतून केव्हांच गेले होते. तरी ते शतकानुशतकें लिहिले जात होते, कारण ते एकेकाळच्या अनुनासिकांची खूण होते. १९६२ सालीं मान्य झालेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनीं ते शालेय व सरकारी लेखनांतून काढून टाकले. जुन्या वळणाच्या छपाईंत तेवढे ते भेटतात. गोव्याच्या कोंकणींत मात्र 'केलें' म्हणतांना तें अनुनासिक अजून स्पष्ट ऐकूं येतें, जसा स्कॉटलंडांत 'लिख्त'मधला 'ख' ऐकूं येतो. अनुस्वार गेल्यानें मराठीचें वाचन अडलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. 'तें' आणि 'ते' यांतला, एका वस्तूचा आणि अनेक पुरुषांचा, भेद मात्र डोळ्यांना दिसेनासा झाला.

अमेरिकेंत अध्यक्षांच्या हुकमानें जें झालें नाहीं तें दुकानदारांनीं थोडेंसें करून दाखविलें. मोटारींतून न उतरतां खाद्यपदार्थ घेण्याच्या खिडकीवर 'थ्रू' हा शब्द तेथें आंखूड रूपांत सर्रास रंगविलेला असतो. तोच शब्द पुस्तकांत व पत्रांत मात्र जुन्या सात अक्षरांनींच लिहितात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खाद्यपेयांच्या वेष्टनांवर 'लाइट' शब्दाचेंही मुक्या जोडीवांचूनचें रूप झळकूं लागलें. त्याचा अर्थ प्रकाश नव्हे आणि वजनानें हलका असाही नव्हे. मेद किंवा साखर कमी केलेला, आणि पुढें पुढें कसदारपणा काढून घेतलेला, एवढाच. इंग्रजी कोशकारांनीं त्याला निराळा शब्द म्हणून निराळी जागा दिली आहे.